ट्रकच्या केबिनला एसी मिळाला. तो चालू ठेवायचा कसा?

मालवाहू गाडीच्या केबिनमधला एसी ही आतापर्यंत मालकाच्या मर्जीची गोष्ट होती. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने ८ डिसेंबर २०२३ रोजी अधिसूचना काढून तो नियमाचा भाग केला. या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर तयार झालेल्या एन-२ आणि एन-३ वर्गातील वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा असणे बंधनकारक आहे. एन-२ म्हणजे मालासह एकूण वजन साडेतीन टनांपेक्षा जास्त आणि बारा टनांपर्यंत असलेली मालवाहू गाडी. त्यापुढची प्रत्येक गाडी एन-३. साडेतीन टनांच्या आतले छोटे टेम्पो आणि पिकअप या नियमात येत नाहीत. आधीपासून रस्त्यावर असलेले जुने ट्रकही येत नाहीत. तेव्हा ‘जुन्या गाडीला एसी लावला नाही तर दंड होईल’ असे कोणी सांगत असेल, तर या अधिसूचनेत तसे काही नाही.

नियमामागचे कारण साधे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जून २०२३ मध्ये या प्रस्तावाबद्दल बोलताना ४३ ते ४७ अंश तापमानात गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांच्या हालाचा मुद्दा मांडला होता. जोधपूर, नागपूर किंवा हैदराबादकडे मे महिन्यात माल घेऊन गेलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. खाली इंजिनची धग, समोरच्या काचेतून ऊन, खिडकी उघडली तर लू. अशा केबिनमध्ये आठ-दहा तास बसलेल्या माणसाचे लक्ष टिकत नाही, आणि त्याची किंमत रस्त्यावरचे इतर लोकही मोजतात.

अधिसूचना नव्या गाडीत एसी बसवण्याबद्दल बोलते. तो पाचव्या वर्षीही गार हवा देईल की नाही, हे गाडीच्या देखभालीवर ठरते. या नियमाखाली आलेल्या गाड्यांचा पहिला पूर्ण उन्हाळा २०२६ चा. वॉरंटी असेपर्यंत फारसा प्रश्न येत नाही. ती संपली की गाडी महामार्गावरच्या गॅरेजमध्ये उभी राहते, आणि ‘गॅस संपलाय, भरून देतो’ हे वाक्य ऐकू येते. या एका वाक्यावर दरवर्षी जितके पैसे वाया जातात तितके एसीच्या दुसऱ्या कोणत्याही दुरुस्तीवर जात नसावेत, असे आम्हाला वाटते.

गॅस ‘संपतो’ का?

नाही. एसीतला गॅस हा डिझेलसारखा जळून जात नाही. तो एका बंद नळीत गोल फिरत राहतो. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, त्यामुळे तो तापतो. पुढच्या बाजूच्या कंडेन्सरच्या जाळीत बाहेरची हवा लागून तो थंड होतो आणि त्याचे द्रव बनते. मग ड्रायर नावाच्या डबीतून, जिथे त्यातला ओलावा शोषला जातो, तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकाकडे येतो. भोकातून पलीकडे गेल्यावर दाब एकदम उतरतो, द्रवाची पुन्हा वाफ होते आणि केबिनमधली कूलिंग कॉइल गार पडते. ब्लोअर त्या कॉइलवरून हवा ढकलतो. तीच हवा तोंडावर येते. गॅस पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो.

या साखळीत गॅस खर्च होण्याची जागाच नाही. रबरी नळ्या आणि सील यांतून काही वर्षांत थोडासा झिरपतो, तेवढे धरून चालावे. पण एका हंगामात गॅस कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता वरून भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. दोन महिन्यांनी पुन्हा तेच गॅरेज, पुन्हा तेच बिल. त्यात गॅसबरोबर कॉम्प्रेसरला वंगण देणारे तेलही फिरत असते. गळतीतून तेही बाहेर पडते. तेल कमी पडलेला कॉम्प्रेसर आतून झिजतो, त्याचा चुरा नळ्यांमध्ये पसरतो आणि मग छोट्या रबरी रिंगऐवजी कॉम्प्रेसर, ड्रायर आणि व्हॉल्व्ह एकदम बदलावे लागतात.

ट्रकमध्ये गळतीची शक्यता कारपेक्षा जास्त असते. गाडी खडखडते. इंजिन आणि केबिन वेगवेगळी हलतात आणि त्यांच्यामधली नळी कशाला तरी घासत राहते. म्हणून सकाळी तेल-पाणी पाहताना एसीच्या नळ्यांच्या जोडांवरही एक नजर टाकावी. एखाद्या जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला काळा डाग दिसला, तर बहुधा गळती तिथेच आहे. हा डाग मेकॅनिकला दाखवला, तर त्याचा तासभर वाचतो आणि तुमचेही पैसे.

गॅरेजमध्ये जाण्याआधी काय पाहावे?

एसी गार करत नाही, ही तक्रार म्हणजे ‘पोट दुखते’ असे सांगण्यासारखी आहे. नेमके काय होते ते सांगितले तर दोष लवकर सापडतो.

हवा गार आहे पण कमी येते, असे असेल तर गॅसचा संबंध बहुतेक वेळा नसतो. केबिनचा फिल्टर धुळीने भरला असेल. सिमेंट, राख, कोळसा किंवा धान्य वाहणाऱ्या गाडीत तो पुस्तिकेतल्या मुदतीच्या खूप आधी भरतो. फिल्टर काढून झटकणे किंवा बदलणे हे काम ड्रायव्हर स्वतः करू शकतो. ब्लोअर फक्त एकाच गतीवर चालत असेल, तर त्याचा रेझिस्टर गेलेला असण्याची शक्यता मोठी. तो भाग लहान असतो. त्यासाठी पूर्ण ब्लोअर बदलायला कोणी सांगितले, तर आधी कारण विचारा.

हवा भरपूर पण गरम, अशी अवस्था असेल तर इंजिन चालू ठेवून एसीचे बटण दाबा आणि कान द्या. कॉम्प्रेसरचा क्लच पकडतो तेव्हा ‘टक’ असा आवाज येतो. आवाज आलाच नाही तर फ्यूज, रिले, वायर आणि पट्टा पाहावा. गॅस फार कमी झाला असेल तरीही क्लच पकडत नाही, कारण कॉम्प्रेसर कोरडा फिरू नये म्हणून दाबाचा स्विच वीज तोडतो. काही मेकॅनिक हा स्विच वायर जोडून ‘डायरेक्ट’ करून देतात. गाडी तात्पुरती चालते, पण कॉम्प्रेसरचे संरक्षण गेलेले असते. तसे करू देऊ नका.

गाडी पळत असताना गार आणि टोलनाक्याच्या रांगेत गरम, हे लक्षण कंडेन्सरकडे बोट दाखवते. जाळीत चिखल, किडे, पिसे अडकली असतील किंवा पंखा नीट फिरत नसेल. जाळी साध्या नळाच्या पाण्याने धुवावी. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने तिच्या पातळ पात्या वाकतात आणि हवा कायमची अडते. गॅस गरजेपेक्षा जास्त भरला असेल तरीही उभ्या गाडीत हाच त्रास होतो. ‘थोडा जास्तच भर’ असे मेकॅनिकला सांगण्याची आपल्याकडे सवय आहे, ती चुकीची आहे. जास्त गॅसने थंडावा वाढत नाही, दाब वाढतो.

तासभर छान गारवा, मग हवा हळूहळू कमी, आणि एसी पंधरा मिनिटे बंद ठेवला की पुन्हा ठीक, असे होत असेल तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. तापमानाचा सेन्सर किंवा पुन्हा तोच धुळीचा फिल्टर याला कारण असतो. क्लीनरच्या पायाशी पाणी टपकत असेल तर कॉइलखालची पाण्याची नळी तुंबली आहे. गाडीच्या खाली रस्त्यावर पाणी पडणे मात्र योग्यच. हवेतला ओलावा गार कॉइलवर जमून बाहेर जातो, ती गळती नव्हे.

थंडीत आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. तेल फिरते, सील ओले राहतात. चार महिने बंद ठेवलेला एसी मार्चमध्ये सुरू केल्यावर गळू लागतो, याचे कारण अनेकदा हेच असते.

योग्य काम कसे ओळखावे?

गळती शोधून, खराब रिंग किंवा नळी बदलून झाल्यावर मेकॅनिकने व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांमधली हवा आणि ओलावा काढला पाहिजे. किमान अर्धा तास. पंप बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटे गेजचा काटा जागेवर राहिला पाहिजे. काटा परत येऊ लागला तर गळती अजून आहे, गॅस भरण्यात अर्थ नाही. यंत्रणा उघडली असेल तर ड्रायरही बदलावा. व्हॅक्यूम न मारता भरलेल्या गॅसबरोबर आत राहिलेला ओलावा व्हॉल्व्हच्या भोकात गोठतो, तेलात मिसळून आम्ल बनवतो आणि धातू खातो.

गॅस वजन करून भरावा. किती ग्रॅम आणि कोणता गॅस, हे बहुधा इंजिनजवळच्या किंवा केबिनच्या पुढच्या भागातल्या स्टिकरवर लिहिलेले असते, नाहीतर गाडीच्या पुस्तिकेत. त्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. फक्त गेज पाहून भरणे भरवशाचे नाही, कारण गेजवरचा आकडा बाहेरच्या तापमानाप्रमाणे बदलतो. इंजिन बंद असताना आत थोडासा द्रव गॅस उरला असला तरी गेज भरपूर दाब दाखवते.

आणखी एक धोका आहे. गाड्यांमध्ये सर्वसाधारणपणे आर-१३४ए हा गॅस वापरला जातो. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. हे दोन्ही एकमेकांत मिसळायचे नसतात. स्वस्तात पडतो म्हणून स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस किंवा तसाच दुसरा पेट घेणारा गॅस भरणारे लोकही भेटतात. एसी गार करतोही. पण कूलिंग कॉइल तुमच्या पायांपाशी, बंद केबिनमध्ये असते, आणि गळती झाली तर ती तिथेच होणार. विडी पेटवण्याइतकी ठिणगी पुरे. डब्यावर नाव, वजन आणि उत्पादकाचा शिक्का नसलेला गॅस नाकारा.

केबिनमध्ये झोपण्याबद्दलही इथेच सांगायला हवे. हा एसी इंजिनवर चालतो. मालासाठी रांगेत उभे असताना रात्रभर इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून झोपणे जिवावर बेतू शकते. धुराड्याची गळती असेल किंवा गाडी शेडमध्ये, भिंतीलगत उभी असेल तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. नियमाने दिवसाच्या प्रवासाचा प्रश्न बराच सोडवला, मुक्कामाच्या रात्रीचा नाही. त्यासाठी माल चढवण्या-उतरवण्याच्या ठिकाणी सावली, पाणी आणि झोपण्याची जागा लागते. ती एसीच्या अधिसूचनेतून येणार नाही.

डिझेल जास्त जाते म्हणून मालक एसी लावू देत नाहीत, अशी तक्रार ड्रायव्हर करतात. कॉम्प्रेसर इंजिनची ताकद घेतो हे खरे आहे. पण मोठ्या ट्रकच्या इंजिनाच्या मानाने चालत्या गाडीत तो वाटा लहान असतो. तो जाणवतो मुख्यतः उभ्या गाडीत, इंजिन नुसते चालू ठेवल्यावर. हिशेब मांडायचा तर तिथे मांडावा.

गॅसचे नियम बदलत आहेत, मेकॅनिकलाही बदलावे लागेल

आर-१३४ए ओझोनच्या थराला धोका देत नाही. म्हणूनच तो जुन्या आर-१२ च्या जागी आला. पण तापमानवाढीच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट प्रभावी धरला जातो. म्हणजे ७०० ग्रॅम गॅस हवेत सोडला, तर जवळजवळ एक टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. त्यानुसार अशा गॅसचा वापर २०२८ पासून ठरलेल्या मर्यादेवर गोठवायचा आहे, २०३२ पासून तो १० टक्क्यांनी आणि पुढे टप्प्याटप्प्याने २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करायचा आहे. आज घेतलेला ट्रक पंधरा वर्षे चालला तर तो या काळातून जाणार. गॅस कमी उपलब्ध होत गेला की गळती तशीच ठेवून पुन्हा पुन्हा भरणे आजच्यापेक्षा महाग पडेल.

म्हणून हा विषय गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांसाठीही महत्त्वाचा आहे. २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात सर्व्हिस तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणावर भर आहे, आणि पंतप्रधान कौशल्य विकास योजनेतून एक लाख शीतकरण तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट केंद्राने ठेवले होते. वर्षानुवर्षे उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या माणसासाठी ‘पूर्वज्ञान मान्यता’ हा मार्ग उपयोगी आहे. यात पुन्हा पहिल्यापासून शिकवत नाहीत. येत असलेले काम तपासतात, उणिवा भरून काढतात आणि प्रमाणपत्र देतात. तुमच्या जिल्ह्यात कोणती तुकडी चालू आहे, हे स्किल इंडिया डिजिटल हबवर किंवा जवळच्या आयटीआयमध्ये विचारावे. सगळ्या केंद्रांत गाडीच्या एसीचे काम शिकवले जातेच असे नाही. घरगुती एसी आणि फ्रीजचे वर्ग जास्त असतात. नाव नोंदवण्याआधी हे विचारून घ्या.

साधनांसाठी पंतप्रधान मुद्रा योजनेतून विनातारण कर्ज मिळू शकते. शिशू गटात ५० हजार रुपयांपर्यंत, किशोर गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत, तरुण गटात १० लाखांपर्यंत. ज्यांनी तरुण गटातले कर्ज पूर्ण फेडले आहे त्यांना २० लाखांपर्यंत. गेज, व्हॅक्यूम पंप आणि गॅस मोजण्याचा काटा ही सुरुवातीची साधने लहान कर्जात बसू शकतात. जुना गॅस हवेत न सोडता परत खेचून घेणारे रिकव्हरी यंत्र महाग असते, त्यासाठी किशोर गटाचा विचार करावा. मुद्रा हे कर्ज आहे, अनुदान नाही. हप्ते फेडायचे असतात. ‘कर्ज मंजूर झाले, आधी एवढे शुल्क पाठवा’ असे पत्र किंवा संदेश आला तर पैसे न भरता थेट बँकेच्या शाखेत जाऊन चौकशी करा.

पीएम विश्वकर्मा योजनेबद्दलही बरेच मेकॅनिक विचारतात. त्या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, चर्मकार, शिंपी वगैरे. मोटार मेकॅनिक किंवा एसी मेकॅनिक त्यात नाही. तुमचे नाव ‘लोहार’ म्हणून घालून देतो असे सांगणारा एजंट भेटला तर त्याच्या नादी लागू नका. खोट्या व्यवसायाने भरलेला अर्ज पडताळणीत अडकतो.

काम फसले तर

स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकच ट्रक घेऊन तो स्वतः चालवणाऱ्या मालकाला आपण ‘व्यापारी’ आहोत, ग्राहक नाही, असे बऱ्याचदा सांगितले जाते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरे, पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळणुकीत धरलेली नाही. दहा-वीस गाड्यांच्या कंपनीला हा आधार मिळणे कठीण. एका गाडीवर घर चालवणाऱ्याला मिळू शकतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्क लागत नाही.

मात्र यासाठी कागद हवा, आणि महामार्गावरच्या गॅरेजमध्ये तोच नसतो. गॅस भरल्यावर बिलात चार गोष्टी लिहून मागा: गळती कुठे होती, कोणता भाग बदलला, कोणता गॅस किती ग्रॅम भरला, आणि पुन्हा गळल्यास किती दिवसांची हमी. बिलबुक नसेल तर साध्या कागदावर तारीख, गाडीचा नंबर आणि गॅरेजच्या शिक्क्यासह चालेल. काढलेला जुना भागही परत मागून घ्या.